परवाची टोपी

आमचे हे थंडीच्या सुट्टीचं कोडं ऐन उकाड्यात लिहितात, कारण साप्ताहिकाचा सुट्टी विशेषांक तीन महिने आधीच तयार होतो. वातावरणनिर्मिती म्हणून गळ्यात मफलर गुंडाळतात आणि पंखा पाचवर ठेवतात. मी हसू दाबून दुसऱ्या खोलीत जाते.

कोडी तर्काची. पाच माणसं, पाच वस्तू, पाच वार. सूचना वाचायच्या, चौकटीत पेन्सिलीने फुल्या मारायच्या आणि कुणाचं काय ते शोधून काढायचं. उन्हाळी सुट्टीत पोहायला जाणारी पाच भावंडं झाली, मग पावसाळ्यात पाच छत्र्या आल्या. छत्र्यांच्या कोड्याला दोन उत्तरं निघाली आणि त्रेसष्ट वाचकांनी पत्रं पाठवली. संपादकांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं, "काका, पुन्हा असं झालं तर सदर बंद करावं लागेल."

नोकरी संपल्यापासून हे त्या सदराच्याच जिवावर ताठ चालतात. ते गेलं तर दिवसभर स्वयंपाकघरात उभे राहून मला कांदा कसा चिरायचा ते शिकवतील. आणि खरं सांगायचं तर त्यांचा पडलेला चेहरा मला बघवत नाही.

आज सकाळी त्यांनी नवं कोडं माझ्यापुढे ठेवलं. पाच नातवंडं आजोबांना सोमवार ते शुक्रवार रोज एक लोकरी वस्तू देतात.

"आज तरी चूक काढू नकोस," हे म्हणाले. "सोडव, आणि कसं वाटलं तेवढंच सांग."

सदराला जागा तळहाताएवढी, म्हणून हे सूचनांमधली क्रियापदं उडवून टाकतात. तिसरी सूचना होती: 'आज बुधवार. टोपी परवाची.' मी सोडवलं. टोपी सोमवारी आली, सगळ्या फुल्या चपखल बसल्या. मग यांचं उत्तर पाहिलं. त्यात टोपी शुक्रवारी!

मी तोंड उघडलं, तर हे समोर परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे उभे. माझ्या तोंडून निघालं, "छान आहे."

यांची कळी खुलली. कागद पाकिटात गेला, पाकीट बंद झालं आणि स्वारी शीळ घालत जिना उतरली. मी खिडकीतून पाहत होते. पाठीमागूनसुद्धा माणूस खूश दिसू शकतो, हे मला आजच कळलं. मला माझीच लाज वाटली. घरातल्या चपला तशाच घालून मी धावत सुटले आणि बसथांब्यावर त्यांना गाठलं.

"अहो, थांबा! परवा!"

"परवा काय? कुठे जायचंय आपल्याला?"

"टोपी! परवाची म्हणजे कुठल्या परवाची? गेलेल्या की येणाऱ्या?"

"येणाऱ्या. उघड आहे."

"कुणाला उघड आहे? मी गेलेला परवा धरला. माझी टोपी सोमवारी आली, आणि कुठेही अडलं नाही."

हे बोटांवर वार मोजायला लागले. ओठ हलत होते. बुधवारपासून मागे दोन, पुढे दोन. बस आली, थांबली, निघून गेली.

"पण तू तर छान म्हणालीस," हे शेवटी म्हणाले.

"खोटं बोलले. तुमचं तोंड पाहून."

"म्हणजे आजवर जितक्या वेळा छान म्हणालीस, ते सगळं..."

"आजवर कधी म्हणाले होते का?"

यांनी आठवून पाहिलं. बराच वेळ आठवून पाहिलं. बत्तीस वर्षांचा संसार आहे, वेळ लागणारच.

"नाही," हे म्हणाले. "तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

त्यांनी पाकीट फाडलं. थांब्याच्या बाकावर कागद ठेवून, जागेची पर्वा न करता, 'टोपी परवाची' खोडलं आणि 'टोपी परवा मिळणार' असं लिहिलं. मी त्यांच्याच हातातली पेन्सिल घेऊन सूचनांच्या शेजारी नवी चौकट आखली आणि पहिल्यापासून सोडवायला बसले. हे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. इतके जवळ, की त्यांचा श्वास कानाला लागत होता.

"शुक्रवार," मी म्हणाले. "उलटसुलट करून पाहिलं. दुसरं काही निघत नाही."

"खरंच?"

"खरंच."

शीळ घालायचंही भान राहिलं नाही त्यांना. पुढची बस आली तर चढायचंही विसरले.