मी रिकामी परत गेले नाही

मित्रांनो, नाक दाबायचं असेल तर खुशाल दाबा, पण जवळ या. मी एक जुनी पांढरी अँबॅसिडर आहे आणि मला कांद्याचा वास येतो. हनीफभाईंच्या गॅरेजमध्ये येणारी माणसं तोंड वाकडं करून विचारतात, "हिच्यात काय मेलंय का?" काही मेलेलं नाही. हा वास मी मिळवलाय. तो कसा मिळवला ते सांगते, मग दाबलेलं नाक सोडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझा जन्म लांब बंगालात, कलकत्त्याजवळच्या कारखान्यात झाला. पत्रा ठोकला, रंग मारला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला नाशकात आणलं. गंगापूर रोडला ऑफिस असलेल्या एका बियाणे कंपनीच्या थोरल्या शेठनी मला घेतलं. कंपनीचं नाव माझ्या दारावर हिरव्या अक्षरात होतं. आता ते खरवडलेलं आहे. मीही सांगणार नाही. त्या नावाला माझ्या तोंडून फुकटची जाहिरात कशाला?

शेठ होते तोवर माझा थाट होता. दसऱ्याला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. मग त्यांनी नवी गाडी घेतली आणि मला झुंबर आहेर यांच्या ताब्यात दिलं. झुंबर हे कंपनीचे फिरते अधिकारी. मूळचे देवळा तालुक्यातले. गावोगाव जाऊन कांद्याचं बी द्यायचं, रोप बघायचं, शेतकऱ्याला सल्ला द्यायचा, हे त्यांचं काम. ते इंदिरानगरात दोन खोल्यांत राहायचे. त्यांची बायको छाया मला पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "अहो, एवढी मोठी गाडी आणि आपल्याकडे साधी ठेवायला जागा नाही. आता आपण बाहेर झोपायचं का?"

खरं सांगते, थाट गेला त्याचं मला दुःख झालं नाही. शेठच्या हाताखाली मी मिरवले. झुंबरच्या हाताखाली मी कामाला लागले. आग्रा रोड, चांदवड, राहुडचा घाट, मग देवळ्याकडचं वळण. वावराच्या बांधापर्यंत मी जायचे. शेतकरी माझ्या बॉनेटवर रोप पसरून विचारायचे, "झुंबरभाऊ, याला काय झालं?" झुंबर बोलले की माणसं ऐकायची. बी कंपनीचं होतं, पण विकलं जायचं झुंबरच्या नावावर. हे लक्षात ठेवा मित्रांनो. पुढची सगळी मारामारी त्या नावाचीच आहे.

थोरले शेठ वारले आणि त्यांचा मुलगा राज खुर्चीत बसला. राजसाहेबांना वावराचा चिखल बुटाला लागलेला चालायचा नाही. चालत नाही तर नको, पण निदान धंदा तरी सरळ करावा!

दोन हजार सालची गोष्ट. लाल कांद्याचं बी गोदामात बरंच पडून राहिलं होतं आणि उन्हाळ कांद्याचं, म्हणजे थंडीत लावून उन्हाळ्यात काढायच्या कांद्याचं, कमी पडलं होतं. माझं चाक बदलायला मला गोदामाच्या दारात लावलं होतं आणि झुंबर त्या दिवशी एस.टी.ने सटाण्याला गेले होते. मी डोळ्यांनी पाहिलं. राजसाहेबांनी स्वतः उभं राहून लाल कांद्याचं बी उन्हाळ कांद्याच्या डब्यांत भरून घेतलं. वर कंपनीचं सील बसलं. सील बसलं की खोटं पण खरं दिसतं. बी तर सगळं सारखंच, काळं. बघणाऱ्याला काय कळणार?

ते डबे माझ्या डिकीतून देवळ्याला गेले. झुंबरनी विश्वासानं दिले, लोकांनी विश्वासानं घेतले.

लाल कांद्याचं बी थंडीत लावलं की काय होतं, माहीत आहे? डेंगळे येतात. डेंगळा म्हणजे कांद्याच्या मधून वर येणारा जाड दांडा, त्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा. दिसायला छान. पण तो आला की खाली कांदा पोसत नाही, कांदाचाळीत साठवला तर सडतो. त्या वर्षी देवळ्याच्या वावरांत नजर जाईल तिथे पांढरे गोंडे डुलत होते. झुंबर बांधावर उभे राहिले आणि त्यांचं तोंड उतरलं. त्यांना लगेच कळलं.

दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, पाणी जास्त झालं, खत चुकलं, थंडी फार पडली. झुंबर म्हणाले, "तुमचं काही चुकलेलं नाही. बी चुकीचं आहे. कंपनीनं भरपाई दिली पाहिजे आणि मी ती मागणार."

एवढंच बोलले. तेवढं पुरलं.

राजसाहेबांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. मी खिडकीखालीच उभी होते.

"आहेर, तुम्हाला उद्यापासून यायची गरज नाही."

"का, साहेब?"

"बी तुम्ही बदललंत. चांगलं बी बाहेर विकलंत आणि कचरा शेतकऱ्यांना दिलात."

"साहेब, डब्यांना सील होतं!"

"सील काय, कोणीही बसवतं. गाडी तुमच्याकडे, डिकी तुमच्याकडे. वाटेत काय केलंत, आम्हाला काय माहीत?"

माझी डिकी! मित्रांनो, माझ्या अंगाला तेव्हा किल्ली लावली असती तर मी भिंत फोडून आत गेले असते. चोरी त्यांनी करायची आणि चोराची गाडी मी?

राजसाहेब पुढे म्हणाले, "सोमवारी सगळे दुकानदार जेवायला येणार आहेत. तेव्हा या. सगळ्यांसमोर चावी द्या. गाडी धुवून, रिकामी करून आणा. समजलं?"

डाव उघड होता. जिल्हाभरातले बी विकणारे दुकानदार जमणार, त्यांच्यासमोर झुंबर मान खाली घालून चावी देणार. न बोलता सगळ्यांना कळणार की चोर सापडला, हाकलला, कंपनी धुतल्या तांदळासारखी. नोकरी गेली तर माणूस दुसरी शोधतो. पण ते नाव एकदा लागलं असतं तर झुंबरना स्वतःच्या गावात पाऊल ठेवता आलं नसतं.

रविवारी सकाळी इंदिरानगरात ते मला धूत होते. बादलीवर बादली ओतत होते. छाया दारात आली. तिच्या हातात शेजारच्या सकीनाभाभीची वाटी होती. भाभींनी त्यातून शेवया पाठवल्या होत्या. छाया त्यात गुळाचा खडा ठेवत होती.

"किती घासाल? पत्रा जाईल आता," ती म्हणाली.

"धुवून, रिकामी करून द्यायला सांगितलीय."

"काय करून?"

"रिकामी."

छाया थांबली. हातातल्या वाटीकडे बघितलं. "मी सकीनाभाभींची वाटी आजवर कधी रिकामी परत दिली का? साखर नाही तर गूळ, काही नाही तर चार शेंगदाणे. आपल्यात कोणाचं भांडं रिकामं परत देतात का हो?"

"छाया, ती गाडी आहे. भांडं नाही."

"त्यांनी ज्यातून जे पाठवलं, त्यातूनच परत जाऊ द्या की! त्यांनी काय पाठवलं होतं ह्या डिकीतून? तेच भरा."

 झुंबरनी हातातलं फडकं बादलीत फेकलं आणि कितीतरी दिवसांनी हसले. ओली होते तशीच मी निघाले.

पण देवळ्याचं वळण आलं तसा त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघायला लागला. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. वेशीत कोणीतरी ओरडलंच, "आला रे, डबेवाला आला!" झुंबर ऐकून न ऐकल्यासारखं करून कुसाबाईंच्या वावराशी थांबले. कुसाबाई त्यांची चुलती. तिच्याही वावरात तेच डेंगळे होते. ती बायकांबरोबर कांदे उपटत होती. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हाई काय ऐकू येतंय रे भाऊ? तू डब्यातलं बी बदललं?"

"नाही, काकू."

"खाली काय बघतो? वर बघून सांग."

झुंबरनी वर बघितलं. "नाही बदललं."

"मग झालं तर!" ती बायकांकडे वळली. "ऐकलं का गं? ह्याला लहानपणी मी न्हाऊ घातलंय. हा खोटं बोलला की याचे कान लाल व्हतात. आज काळेच हायेत."

"काळे तर मुळातलेच हायेत," एक जण म्हणाली आणि सगळ्या खदखदून हसल्या.

झुंबरनी छायाचं म्हणणं सांगितलं. कुसाबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा वावराकडे.

"लय हुशार सून हाय माझी. भरा गं बायांनो! गाडी सासरी चाललीय, रुखवत नको का?"

आणि त्यांनी मला भरलं. पाटीवर पाटी. आधी डिकी, मग मागची सीट, मग पायाखालची जागा. कांदे डेंगळ्यांसकट, मातीसकट. दांडे मावेनात म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या. दोन्ही बाजूंनी पांढरे गोंडे बाहेर आले. लग्नातल्या नवरदेवाच्या गाडीला फुलं लावतात ना, तशी मी दिसत होते. शेजारच्या वावरातले लोक पण आपापल्या पाट्या घेऊन आले. "डबेवाला" म्हणून ओरडलेला गडीही आला. त्यानं आपली पाटी रिकामी केली आणि डिकीचं झाकण अंगाचा भार टाकून बसवलं.

सोमवारी सकाळी कुसाबाई पुढच्या सीटवर, मांडीवर कांद्यांची पाटी घेऊन बसली. घाट चढताना मी धापा टाकल्या, पण थांबले नाही. शेठ गेले, थाट गेला, पण त्या दिवशीइतकी ऐट मी कधी केली नव्हती.

गंगापूर रोडला ऑफिसच्या आवारात मांडव घातला होता. दुकानदार खुर्च्यांवर चहा पीत होते. वॉचमन आडवा आला. झुंबर म्हणाले, "साहेबांनी चावी सगळ्यांसमोर द्यायला सांगितलीय. तुला काय साहेबांचा शब्द मोडायचाय?" तो बाजूला झाला. मी थेट मांडवाशी जाऊन उभी राहिले.

राजसाहेब धावत आले. "हे काय आहे? गाडी रिकामी आणायला सांगितली होती मी!"

"आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, साहेब," असं म्हणून झुंबरनी डिकी उघडली.

धो धो कांदे. खुर्च्यांच्या पायांत, चहाच्या टेबलाखाली, राजसाहेबांच्या चकचकीत बुटांवर. दुकानदार उठून उभे राहिले. राजसाहेबांचा आवाज चढला. "बघा! सगळ्यांनी बघा! ह्याच गाडीतून ह्यानं बी बदललं. ह्याच डिकीतून!"

तेव्हा सटाण्याचे एक दुकानदार खाली वाकले. भिकाशेठ त्यांचं नाव. जाडजूड माणूस, वाकायला वेळ लागला. एक कांदा उचलला, डेंगळा मोडून बघितला.

"राजसाहेब, एक विचारू का? माझा माल तर तुमच्या ट्रकनं आला. थेट तुमच्या गोदामातून. ही गाडी मी आज पहिल्यांदा बघतोय."

"मग?"

"मग माझ्या गिऱ्हाइकांच्या वावरात हेच कसं उगवलं?"

 मग मागून एक जण म्हणाला, "आमच्याकडंबी." मग आणखी एक. राजसाहेब इकडेतिकडे बघत म्हणाले, "चला, आत बसू. जेवण तयार आहे. जेवता जेवता बोलू."

एकही जण आत गेला नाही. कुसाबाई गाडीतून उतरली आणि मांडीवरची पाटी राजसाहेबांच्या पायाशी ठेवून म्हणाली, "जेवण तुम्ही करा. तोंडी लावायला आम्ही कांदा आणलाय."

राजसाहेबांनी माफी मागितली नाही. असली माणसं मागत नाहीत, वाट बघू नका. त्यांनी हात पुढे केला. "चावी द्या."

झुंबरनी चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. "गाडी तुमची, घ्या. नाव माझं आहे, ते मी घेऊन चाललो."

आणि चुलती-पुतणे पायी गेटबाहेर पडले. भिकाशेठ त्यांच्या मागून ओरडले, "आहेर, थांबा हो! जेवण माझ्याकडून." निम्मा मांडव त्यांच्या मागे गेला. मी तिथेच उभी राहिले, पोट उघडं, कांद्यांत. एकटी पडले, पण रडले नाही.

नोकरी परत मिळाली का? नाही. मिळाली असती तरी झुंबरनी घेतली नसती. त्यांनी देवळ्यात बियाण्याचं छोटंसं दुकान टाकलं आणि लोक त्यांच्या नावावरच बी घेतात, पूर्वीसारखं.

माझे हाल झाले. कंपनीनं मला साबणानं धुतलं, अत्तर मारलं, सीटची कव्हरं बदलली. वास जाईना. राजसाहेब एकदा बसले आणि कोपऱ्यावरून परत आले. मग मला मागच्या भिंतीला लावलं. माझ्यावर पालापाचोळा साचला, टायर बसले. पावसाळ्यात सीटखाली राहिलेल्या एका कांद्याला कोंब फुटला आणि हिरवी पात स्टिअरिंगपर्यंत आली. पुढे भंगारात निघाले तेव्हा हनीफभाईंनी, सकीनाभाभींच्या नवऱ्यानं, मला उचलून गॅरेजमध्ये आणलं. ते माझा एकेक भाग दुरुस्त करतायत. झुंबर नाशकात आले की बॉनेटवर थाप मारून जातात.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या. दुसऱ्याची असली तर जास्त घ्या. परत द्यायची वेळ आली की स्वच्छ धुवून, वेळेवर द्या. पण कोणी तिच्यातून तुमच्या घरात खोटं पाठवलं असेल, तर ते अंगणात पुरून गप्प बसू नका. त्याच वस्तूत भरा, पाठवणाऱ्याच्या दारात न्या आणि चार माणसांदेखत झाकण उघडा.

आता नाक सोडा. हवं तर काच खाली करा आणि आत डोकं घालून एक मोठा श्वास घ्या. डोळ्यांत पाणी येईल. येऊ द्या. राजसाहेबांच्याही आलं होतं.