छागलीत आणलेला समुद्र

“सुनंदा, येताना माझ्यासाठी समुद्र घेऊन येजो. बोटभर नको वं, आंघोळीपुरता आण!”

विजयमालाबाईंचे हे शब्द मला अजून आठवतात. मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची, लाकडी बुचाची पाण्याची पिशवी. माझ्या कापडातून पाणी हळूहळू पाझरते, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी गार होते. पाझरणं हाच माझा धर्म.

पांढुर्ण्याच्या एका शिंप्यानं मला शिवलं आणि पुंडलिकरावांनी मला रामाकोना गावातल्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत नेलं. उन्हाळाभर मी कडुनिंबाच्या फांदीला लटकून असायची. बागेत कामाला येणारी जयवंता म्हणायची, “फ्रिजचं पाणी दात दुखवते, हिचं पाणी जीव थंडा करते.” पुंडलिकराव गेले, बाटल्या आल्या, आणि मी घरातल्या खुंटीवर गेले.

विजयमालाबाई पुंडलिकरावांच्या पत्नी. गुडघ्यांनी त्यांना पार बसवून टाकलं होतं. त्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. एकदा तरी समुद्रस्नान घडावं, एवढी एकच इच्छा त्या बोलून दाखवायच्या. त्यांची नात तृप्ती नोकरीसाठी अलिबागला राहायला गेली, तेव्हा मुलगा रवींद्र आणि सून सुनंदा तिच्याकडे निघाले. सुनंदानं मला खुंटीवरून काढलं, धुतलं, वाळवलं आणि सोबत घेतलं.

“आई, प्लास्टिकची कॅन घे ना,” तृप्ती तिथं म्हणाली.

“आंघोळीचं पुण्याईचं पाणी आहे, बाई. ज्या कॅनमध्ये परवा रॉकेल होतं, त्यात नेऊ?” सुनंदा हळू आवाजात म्हणाली. ती कधी मोठ्यानं बोलत नाही, पण तिचा नेम मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घातल्यावरच तिनं चहा घेतला, मग सगळे कुलाबा किल्ल्यावर निघाले. ओहोटी होती. समुद्र मागं सरला होता आणि लोक ओल्या वाळूतून चालतच किल्ल्यात जात होते. आत चुन्याशिवाय रचलेले भले मोठे दगड होते, गणपतीचं देऊळ होतं, आणि भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर होती. रवींद्रनं दोनदा चव घेऊन पाहिली तरी त्याला खरं वाटेना.

“भरती लागायच्या आत परत फिरा,” दाराजवळच्या माणसानं बजावलं.

“आपल्या जाम नदीचा पूर एकदा उतरला की उतरला,” रवींद्र हसला. “हा तर रोज येऊन राहिला, रोज जाऊन राहिला. याला काही कामधंदा नाही काय?”

“नेम आहे त्याचा,” सुनंदा म्हणाली.

परतताना पाणी घोट्याला लागू लागलं. तिनं हात जोडले, “घेऊ का?” म्हणून समुद्राला विचारलं आणि मला काठोकाठ भरलं. मित्रांनो, एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

चूक गाडीत झाली. छागल म्हटली की ती खिडकीच्या गजाला टांगायची, ही आमच्याकडची जुनी रीत. रवींद्रनं सवयीनं तेच केलं. दिवसभर कोरडा वारा माझ्या अंगातून वाहत राहिला. पाझरू नये असं मला फार वाटत होतं, पण मला दुसरं काही येत नव्हतं.

विजयमालाबाई धुतलेलं लुगडं मांडीवर घेऊन, पारोशाच अंगणात वाट पाहत होत्या. शेजारच्या अंबाबाईही मजा पाहायला आल्या होत्या. सुनंदानं बूच काढून मला बादलीत उपडं केलं. जेमतेम वाटीभर पाणी पडलं.

“झालं तुमचं समुद्रस्नान?” अंबाबाई म्हणाल्या.

सुनंदाचे डोळे भरले. “माय, रस्त्यात उडून गेला वं,” रवींद्र पुटपुटला.

विजयमालाबाईंनी मला जवळ ओढलं. माझ्या अंगावर पांढरे पांढरे थर जमले होते. त्यांनी बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि खुदकन हसल्या. “अवं, पाणी गेलं असंल, समुद्र तं इथंच बसला आहे! टाक हिला बादलीत, ऊन पाणी ओत.”

मी विरघळले, असंच म्हणा ना. त्या खारट पाण्यानं त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली. मग ओल्या केसांनीच सुनंदाचा हात धरून म्हणाल्या, “हे झालं घरच्या घरी. पाय चालले की मला त्याच्या दारात नेजो. नेशील?”

“नेईन,” सुनंदा म्हणाली.

मीठ माझ्या धाग्यांतून पुरतं गेलं नाही. माझं पाणी पुढं कुणाला गोड लागलं नाही, म्हणून मी धान्याच्या कोठीमागं पडले. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. मित्रांनो, जुन्या छागलीला फेकू नका. अधूनमधून भिजवा, सावलीत वाळवा, नाहीतर आमचं कापड तडकते. आम्हाला बोलता येत नाही, एवढंच.

यंदा नागपूरला विजयमालाबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आज सकाळी मला कोठीमागच्या फटीतून सगळं दिसलं, ऐकू आलं. “या वयात कुठं निघाल्या?” अंबाबाई कुंपणापलीकडून विचारत होत्या. सुनंदानं तुळशीला पाणी घातलं, सासूच्या पायांत चपला सरकवल्या, आणि दोघी काठीच्या चालीनं स्टेशनच्या रस्त्याला लागल्या.