आगळ प्यायलेला गाळ

मित्रांनो, मी एक गाळ आहे, तोही बऱ्यापैकी जुना. नाक दाबायचं असेल तर खुशाल दाबा, मला सवय आहे. मालवणच्या बाजूला एका खाडीकाठी सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प आहे. तिथल्या सिमेंटच्या टाकीत मी राहतो. रंगाने तपकिरी, वासाने ओल्या मातीसारखा. ‘मी’ म्हणतो खरा, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या कोट्यवधी जिवाणूंचं हे एकत्र कुटुंब आहे.

बारा वर्षांपूर्वी कोल्हापूरकडच्या एका टाकीतून मला टँकरमध्ये भरलं आणि फोंडाघाट उतरवून इथे आणलं. दुधाला विरजण लावावं तसं मला गावच्या सांडपाण्याला लावलं. तळातून यंत्राने हवा सोडली. घरांच्या मोऱ्यांचं, खानावळींचं, दोन-चार कारखान्यांचं पाणी यायचं. त्यातली घाण मी खायचो आणि वाढायचो. मग शेजारच्या शांत टाकीत मी तळाशी बसलो की वरचं नितळ पाणी खाडीत सोडायचे आणि मला पुन्हा कामावर आणायचे. रजा म्हणून कधी मिळाली नाही.

कौतुकही झालं. एकदा मोठे साहेब आले, त्यांनी बाटलीतलं नितळ पाणी उन्हात धरून वाहवा केली. फोटो पाण्याचा निघाला. माझ्याकडे बघताना साहेबांनी रुमाल काढला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

माझी खरी विचारपूस करायची ती संचिता. ती इथली ऑपरेटर. रोज सकाळी ती माझं लिटरभर पाणी काचेच्या उंच नळकांड्यात घ्यायची आणि अर्धा तास तसंच ठेवायची. मी खाली नीट बसलो आणि वर स्वच्छ पाणी राहिलं, की माझी प्रकृती बरी.

गेल्या कार्तिकातल्या एका सकाळी मी बसलोच नाही. आदल्या दिवशी गटारातून काहीतरी लालभडक, आंबट आणि खारट माझ्यावर येऊन आदळलं होतं. माझं निम्म्याहून अधिक कुटुंब तासाभरात गेलं. नळकांड्यात वरपासून खालपर्यंत गढूळच. संचिताने खाडीकडची झडप बंद केली आणि पाणी राखीव टाकीत वळवलं. त्या टाकीत जेमतेम दोन दिवसांचं पाणी मावतं. तेवढ्यात मी सावरलो नाही, तर गावाची घाण तशीच खाडीत जाणार होती. खाडीत आनंदीबाई आणि तिच्याबरोबरच्या बायका तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात. त्यावरच त्यांचं पोट.

लाल रंगाचा माग काढायला फार शोधावं लागलं नाही. गावात कोकमाचा कारखाना एकच, भाईंचा. मागच्या मोसमाचं सात पिंपं आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, बिघडलं होतं, ते त्यांनी एकदम गटारात ओतलं होतं.

“आगळ म्हंजे काय वीख आसा गो?” टाकीच्या कठड्यापाशी उभे राहून भाई म्हणाले. “पोट बिघाडला तर आमी ताच पितंव. तुझ्या ह्या गाळाक बराच वाटला आसतला.”

“भाईनू, तुमी सात पिंपां एकदम पितास?” संचिताने विचारलं.

भाई हसले. संचिता हसली नाही. तिने नळकांडं भरून कठड्यावर ठेवलं आणि म्हणाली, “अर्धो तास हंयच बसा.” भाई बसले. अर्ध्या तासाने उठले तेव्हा पाणी होतं तसंच गढूळ होतं आणि त्यांचं हसू गेलं होतं. “आगळात मीठ किती घालतंव, ता माझ्या ध्यानातच नाय इला,” एवढंच ते बोलले.

संचिताने नव्या गाळासाठी फोन केला, तर टँकर पुढच्या आठवड्याशिवाय नाही म्हणाले. भाईंनी कारखाना बंद ठेवला. गोठ्यातलं ताजं शेण कालवून, फडक्यातून गाळून स्वतः आणून ओतलं. शेणातले जिवाणू माझ्या कामी येतात. उरलेल्यांना खायला गूळ विरघळवून घातला. माणसाने केलेली चूक माणसाने अशी निस्तरताना मी प्रथमच पाहिली. मी जिवाच्या आकांताने वाढत होतो, पण जिवाणूंना वेळ लागतो. दुसऱ्या संध्याकाळी राखीव टाकी काठोकाठ भरली. आता झडप उघडली नाही तर गटारं उलटी फिरून लोकांच्या घरात शिरणार होती.

संचिता आधी खाडीच्या बांधावर गेली आणि पलीकडे पाण्यात उभ्या असलेल्या आनंदीबाईला हाक मारली. “काकी, भायर येवा. आज मी घाण पाणी सोडतंय. कायएक काढू नकात, इकू नकात.”

“कितके दिस?”

“माका ठावक नाय.”

आनंदीबाई टोपली घेऊन बाहेर आली. मग संचिताने झडप उघडली. त्या रात्री माझी लाज खाडीत वाहत होती.

सहाव्या दिवशी मी नळकांड्यात बसलो. तरीही संचिताने तिसऱ्या काढायला लगेच होकार दिला नाही. भरती-ओहोटीने खाडी धुतली गेली, मग तिने पाणी आणि तिसऱ्या दोन्ही तपासून घेतल्या. विसाव्या दिवशी चांगला अहवाल आला. तो घेऊन ती बांधावर गेली. आनंदीबाईने कागद हातात घेतला नाही.

“कागद र्‍हवांदे,” ती म्हणाली. “ह्यो तिसऱ्यो तू खातलंस?”

मित्रांनो, तो अहवाल खरा तर माझाच होता, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. मी एवढंच सांगेन: मला मारायला विषच लागतं असं नाही. तुमच्या घरातली चांगली वस्तूसुद्धा पिंपभर मोरीत ओतलीत, तर तिची झळ कुणाच्या तरी ताटापर्यंत येऊन पोचते.

संचिताने कागदाची घडी घातली.

“खातलंय,” ती म्हणाली. “माझ्या पोरांकय घालतलंय.”

आनंदीबाईने कासोटा खोचला आणि ती पाण्यात उतरली.