प्रथिनाच्या खोबणीत

मंगळवारी सकाळी मी पोचलो तेव्हा फ्लूच्या विषाणूचं प्रथिन कॉम्प्युटरमधून बाहेर येऊन मीटिंगच्या खोलीत बसलेलं होतं. डोकं छताला टेकलेलं. खुर्च्या त्यानं नीट बाजूला सरकवल्या होत्या.

"सर, हे श्वास घेतंय," तहसीन म्हणाली. ती माझ्याकडे पीएचडी करते आणि मी उशिरा आलो की घड्याळाकडे बघते.

"छे! काहीतरीच. ते गोठवलेलं आहे."

गोठवायला मीच सांगितलं होतं. खरं प्रथिन सतत हलतं. त्या प्रत्येक हालचालीचं गणित करत बसलं तर एकेका रेणूला महिना जातो, आणि मला कायम घाई. म्हणून आम्ही ते दगडासारखं स्थिर धरलं आणि औषधाचे नऊ हजार रेणू त्याच्या खोबणीत बसवून पाहिले. तिथं औषध नीट बसलं की विषाणू थंडावतो. एकही टिकला नाही.

आता ते माझ्यासमोर हलत होतं. सगळं अंग संथपणे फुगायचं, ओसरायचं, आणि खोबणीवरची पाकळी उघडायची, थोडीशी मिटायची. अहाहा! वीस वर्षं मी याची चित्रं काढतोय, पण हे असं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. माझे डोळे भरून आले, तहसीनसमोरच.

खोबणी माझ्या मापाची होती. मी बूट काढले आणि आत जाऊन बसलो.

लगेच फोन वाजला. बायकोचा, मृदुलाचा. ती पाच दिवस फ्लूनं अंथरुणाला खिळली होती, आणि आज उतार पडला नाही तर ॲडमिट करा, असं डॉक्टर सांगून गेले होते.

"अहो, ताप उतरला! एकशे चारवरून एकदम नॉर्मल. काय केलंत?"

आनंदानं मी उठून उभा राहिलो.

"थांबा... चढला."

मी बसलो. उतरला.

तहसीननं ते वहीत टिपून घेतलं. "सर, पाकळी पूर्ण मिटली की ताप कायमचा जाईल. तोवर हलायचं नाही."

"आणि मिटल्यावर मी?"

"तुम्ही बसलेले असाल."

फोन स्पीकरवर होता. मृदुला हसली. "सत्तावीस वर्षांत हा माणूस जेवायलासुद्धा धड एका जागी बसला नाही, तहसीन!" मग "मी येते," म्हणाली.

"येऊ नकोस."

एवढं बोलताना माझी हनुवटी हलली आणि ती पलीकडे कण्हली. मग मी बोलणंच बंद केलं.

दुपारी ती आली. निम्मी झाली होती, पण आपल्या पायांनी चालत आली. प्रथिनासमोर थांबून बराच वेळ वर बघत राहिली.

"अगं बाई, केवढं देखणं आहे हो! आणि याच्यापायी मी तुमच्याशी भांडत होते."

पाकळी आता वीतभरच उघडी होती.

"काकू, मागे व्हा," तहसीन म्हणाली.

मृदुलानं त्या फटीतून हात आत घातला आणि माझ्या कपाळावर ठेवला.

"तुम्ही गार पडलाय," ती म्हणाली.

मी जरा जरी हललो असतो तरी तिचा ताप चढला असता. मी नुसत्या डोळ्यांनी सांगत होतो, हात काढ, हात काढ. पाकळी तिच्या मनगटाला टेकली. तिनं दुसराही हात आत घातला.