रिकामी परत आलेली कढई

मित्रांनो, मला जुनी म्हणा, काळी म्हणा, जड म्हणा. मी ऐकून घेईन. पण घाण म्हणू नका. तो शब्द कानावर पडला की माझे दोन्ही कान विस्तवाशिवाय तापतात. का तापतात ते सांगते.

मी लोखंडी कढई आहे. १९९८ सालच्या भाऊबीजेला चंद्राबाईंच्या भावाने त्यांना विचारलं, "अक्का, औंदा साडी कसली घेऊ?" चंद्राबाई माले गावच्या लेक आणि भूगावच्या सून. त्या म्हणाल्या, "साडी नगं. तळणाची कढई दे. खोल पायजे." मग मालेच्या गेणबा लोहाराने जाड पत्रा भट्टीत लाल केला आणि दोन दिवस ठोकून मला घडवलं. म्हणजे मी बाजारात लटकलेली नव्हे, ओवाळणीत आलेली कढई आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सासरी आल्यावर चंद्राबाईंनी मला चुलीवर खूप तापवलं, आतून तेल फासलं, कांदा आणि मीठ घालून काळं होईपर्यंत परतलं आणि तो कांदा टाकून दिला. असं सात वेळा केलं. तेव्हा कुठे माझ्या पोटात एक गुळगुळीत काळा थर धरला. त्या थरामुळे लोखंड गंजत नाही आणि पदार्थ चिकटत नाही. माझ्या पोटाला त्यांनी कधी साबण लावला नाही. कोमट पाणी, नारळाची शेंडी, कोरडं फडकं आणि शेवटी तेलाचं एक बोट, एवढंच.

पुढची सात वर्षं मी मान वर केली नाही. आखाडात लेकीबाळींना पाठवायच्या कापण्या, भातलावणीला आलेल्या बायकांसाठी कांदाभजी, दिवाळीच्या करंज्या, सगळं माझ्यात झालं. आळीतल्या बायका मला मागून न्यायच्या. पण कोणीही मला रिकामी परत आणलं नाही. कोणी चार अनारसे घालून आणायचं, कोणी मूठभर पोहे, काहीच नसलं तर गुळाचा खडा. मागून नेलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती कोणी कोणाला शिकवत नसे.

२००५ साली रस्त्याकडेचं शेत बिल्डरला गेलं आणि त्या पैशातून वर्षभरात तीन मजली बंगला उभा राहिला. वरचे मजले भाड्याने. खाली चंद्राबाई आणि त्यांचा मुलगा किशोर. नव्या स्वयंपाकघरात सगळी कपाटं पांढरी होती. किशोरला मी त्या पांढऱ्यात खुपले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. शेजारी एक मोडका पंखा होता. दोन वर्षं मी त्याचं तोंड बघत काढली.

२००८ च्या दसऱ्यानंतर किशोर आईला म्हणाला, "आई, दोन वर्सांत एकदा बी खाली काढली न्हाईस. दिवाळीच्या साफसफाईत ही भंगारात जानार बघ."

"आन त्याआधी कामाला आली तर?"

"आली तर ऱ्हाऊ दे. पर येत न्हाई."

मी माळ्यावरून ऐकत होते. साफसफाईला बारा दिवस उरले होते.

आणि मी कामाला आले! वरच्या मजल्यावर स्वरदा नावाची मुलगी राहायची. मूळची अकोल्याची, हिंजवडीत कंपनीत नोकरी, दोन वर्षं अमेरिकेत राहून आलेली. तिकडे ऑफिसखालच्या दुकानात तिला एका सँडविचची चटक लागली होती. त्याचं नाव रुबेन. राय नावाच्या धान्याच्या भाजलेल्या ब्रेडमध्ये खारवलेलं मांस, आंबवलेला कोबी, चीज आणि गुलाबी सॉस. रविवारी संध्याकाळी तिच्या घरी तिचे साहेब आणि ऑफिसची मंडळी येणार होती. त्या सँडविचच्या आतलं सगळं एकत्र करून त्याचे कुरकुरीत गोळे तळायचे, असा तिने बेत केला होता. तिकडचं मांस इथे चालणार नव्हतं, म्हणून उकडून तंतू काढलेलं चिकन. कोबी तिने आठ दिवस मीठ लावून बरणीत आंबवला होता. राय ब्रेड मिळाला नाही, म्हणून साध्या ब्रेडच्या चुऱ्यात त्या वासासाठी शहाजिरं घातलं. मी म्हणते, बेत वाईट नव्हता. भांडं वाईट होतं.

तिच्याकडे एक नवा नॉनस्टिक पॅन होता. उथळ, ताटलीएवढा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. त्यात बोटभर तेल, त्यात एकदम दहा गोळे! तेल थंड पडलं, कोबीचं पाणी सुटलं, गोळे फुटले, चीज बाहेर येऊन तळाला पसरलं. चार वाजले होते. स्वरदा रडवेली होऊन खाली आली.

"काकू, एखादी खोल कढई आहे का हो?"

चंद्राबाईंनी स्टूल घेतलं आणि स्वतः माळ्यावर हात घातला. गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी न चढणाऱ्या बाईने मला दोन जिने वर नेलं.

वर जाऊन त्यांनी सारण चिमटीत धरून बघितलं. "पोरी, ह्यात लई पानी हाय. कोबी पिळला न्हाईस?"

"रेसिपीत तसं नव्हतं."

"मग रेशिपीला सांग, आमच्या हितं पिळत्यात."

त्यांनी सगळं सुती फडक्यात घालून पिळलं, वर दोन मुठी तांदळाची पिठी घातली. लिंबाएवढा गोळा, पोटात चीजचा तुकडा, मैद्याच्या पातळ पिठात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवला. माझ्यात तेल तापलं. चुऱ्याचा एक कण टाकला, तो लगेच वर आला. मग एका वेळी पाचच गोळे. दोन वर्षांनी माझ्या पोटात तेल बोलत होतं, मित्रांनो! एकही गोळा फुटला नाही. सगळे खरपूस, बदामी. पहिला फोडून स्वरदाने खाल्ला, तर आतलं चीज हनुवटीपर्यंत आलं.

इथपर्यंत मी खूश होते. पुढचं ऐका.

पाहुण्यांची चाहूल लागताच स्वरदाने मला गॅसवरून उतरवलं, सिलिंडरमागे सरकवलं आणि वर वर्तमानपत्र टाकलं. मी अजून गरम होते! तिचे साहेब दयानंद दिवाणखान्यात गोळ्यामागून गोळे खात होते. घरमालक म्हणून किशोरलाही बोलावणं होतं, तो सोफ्यावर बसला होता. चंद्राबाई स्वयंपाकघरात पातेली पुसत होत्या.

साहेबांनी विचारलं, "स्वरदा, इतके क्रिस्पी कसे काय तळलेस?"

ती म्हणाली, "नवा पॅन घेतलाय ना सर, नॉनस्टिक. तेलसुद्धा फार लागत नाही."

सगळ्यांनी तो पॅन मागवून बघितला. बघितला! त्याचं वजन, त्याचा दांडा, त्याची कंपनी. ज्याने दहा गोळ्यांचा चिखल केला तो कौतुकाला पुढे आणि मी सिलिंडरमागे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

घरी आल्यावर किशोर म्हणाला, "बघ आई, पॅनमदी कसं झ्याक झालं."

"आपल्या कढईत झालंय ते. मी सोता तळलंय."

"मग ती पोरगी साहेबासमोर खोटं बोलली व्हय?"

चंद्राबाई उठून आत गेल्या. परक्याच्या लेकीला खोटं कसं पाडायचं, असं त्यांना वाटलं. मला मात्र वाटलं की मी ओरडावं. माझं राहणं-जाणं त्या एका वाक्यावर होतं आणि ते वाक्य खोटं होतं.

अजून अपमान संपला नव्हता. स्वरदाने मला दिवसभर साबणाच्या पाण्यात भिजत घातलं आणि तारेच्या घासणीने, पावडर आणि लिंबू लावून खरवडलं. दहा वर्षांचा थर! गेणबाच्या भट्टीनंतर मी कधी इतकी उघडी पडले नव्हते. तिने हे प्रेमाने केलं, हे मला कळतं. म्हणून तर जास्त राग येतो. वाईट हेतूने कोणी इतकं मन लावून घासत नाही.

मग ती मला घेऊन खाली आली. "काकू, बघा, किती वर्षांची घाण निघाली!"

चंद्राबाईंनी आत पाहिलं. पांढरं लोखंड. आणि त्यात काही नाही.

"रिकामीच आनलीस व्हय?"

"हो, पूर्ण रिकामी केली. तेलपण गाळून ठेवलं."

अकोल्याला तिच्या आईने कधी शेजारची वाटीसुद्धा रिकामी परत पाठवली नसेल. पण हॉस्टेल आणि परदेश फिरून आलेल्या पोरीला ते आठवलं नाही. चंद्राबाईंनी मला घेतलं आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोटात तांबडा गंज चढला होता. किशोरने बघितलं आणि फाटकाशी भंगारवाल्याला थांबवलं. मोडका पंखा आधी तराजूत गेला. त्याच्यावर मी, भावाची ओवाळणी!

तेवढ्यात स्वरदा ऑफिसला निघाली. कंपनीची गाडी बाहेर उभी होती. "अहो, ही का टाकताय? परवा तर..." ती मध्येच थांबली.

"परवा काय?" चंद्राबाई पायरीवरून म्हणाल्या. "सांग की किशाला, परवा कशात तळलं."

गाडीने हॉर्न दिला. स्वरदाने मान खाली घातली. "हिच्यातच. काकूंनीच तळलं."

किशोर म्हणाला, "मग पॅन पॅन काय करत हुतीस?"

"साहेबांसमोर लाज वाटली."

चंद्राबाईंनी विचारलं, "कुनाची? माझी व्हय?"

 भंगारवाल्याने तराजू खाली टेकवला. स्वरदाने गाडी सोडून दिली. तिने मला तराजूतून उचललं आणि चंद्राबाईंच्या हातात दिलं. ती रडत होती. मला तिची दया आली नाही. तुम्हाला आली तर येऊ द्या.

त्यानंतर दर रविवारी ती खाली यायची आणि चंद्राबाई सांगतील तसं मला तापवायची. तेल, कांदा, मीठ. तिचा हात दोनदा भाजला. सात रविवारांनी माझ्या पोटात पुन्हा काळेपण धरलं. पूर्वीसारखं नाही, पण धरलं.

पुढच्या वर्षी तिच्याकडे पुन्हा तीच मंडळी आली आणि तेच गोळे झाले. या वेळी तिने मला गोळ्यांसकट उचललं आणि दिवाणखान्यात पांढऱ्या काचेच्या ताटल्यांच्या मधोमध ठेवलं.

"सर, ही चंद्राकाकूंची कढई आणि या चंद्राकाकू. गेल्या वर्षीचे गोळेही यांनीच हिच्यात तळले होते. तेव्हा मी खोटं सांगितलं."

साहेब उभे राहिले आणि त्यांनी चंद्राबाईंना बसायला आपली खुर्ची दिली.

मित्रांनो, आता २०१० साल आहे आणि मी पांढऱ्या ओट्यावर, गॅसच्या शेजारी असते. तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं काळं भांडं असेल. ते वापरा, पुसा, तेलाचं बोट लावा. त्याचं काळेपण खरवडू नका, ते कोणाच्या तरी हातांनी वर्षानुवर्षं चढवलेलं असतं. आणि ज्याच्या जिवावर वाहवा मिळवाल, त्याचं नाव पाहुण्यांसमोर घ्या. मागाहून स्वयंपाकघरात घेतलेलं चालत नाही.

त्या दुसऱ्या वेळी स्वरदाने मला परत आणलं, तेव्हा माझ्यात नऊ गोळे होते. चंद्राबाईंनी दोन खाल्ले. उरलेले सात किशोरने उभ्या उभ्या संपवले आणि बोटं चाटत म्हणाला, "झ्याक झाल्यात." मला तराजूत टाकल्याबद्दल तो आजवर एक शब्द बोललेला नाही. मी वाट बघते आहे.