सहा वीसचा कुत्रा

"आला! आला!"

मंगळवारची संध्याकाळ. किसनरावांच्या अंगणात शे-दीडशे माणसं उभी होती. भिंतीवर पोरं चढलेली, प्रत्येकाचा मोबाइल उंच धरलेला. गल्लीच्या टोकाकडून एक भुरकट कुत्रा दुडक्या चालीनं आला. त्यानं कोणाकडेही पाहिलं नाही. सरळ किसनरावांच्या उंबऱ्यासमोर येऊन बसला आणि दाराकडे टक लावून बघू लागला. कोणीतरी घड्याळ पाहून ओरडलं, "सहा वीस! बरोब्बर सहा वीस!"

बायांनी हात जोडले. किसनरावांची म्हातारी आई शकुबाई हिनं उंबऱ्याआतूनच पदर पसरला. पाठोपाठ चक्क टाळ्या पडल्या. त्या टाळ्या घेत प्रेमदास महाराज पुढे झाले. भगवा झब्बा, दहाही बोटांत अंगठ्या, आणि पावसाळ्यातल्या बेडकासारखा फुगलेला आवाज.

"काळाचा दूत हाये हा! याले घड्याळ नाई लागत, पंचांग नाई लागत. ज्याची घटका भरत आली त्याच्याच दारात बसते. मी सकाळीच सांगतलं होतं का नाई, आज सांजच्याले सहा वीसले येईन म्हनून?"

"सांगतलं होतं, महाराज!" गर्दी म्हणाली.

"मंग आता सात दिवस घटकाबंध. रोग्यानं उंबरा ओलांडाचा नाई. दवाखाना नाई, सुई नाई, गोळी नाई. काळ बाहेर टपून बसला हाये. पाय बाहेर पडला का धरलाच!"

आत खाटेवर किसनरावांची बायको रुख्मिणी पडली होती. शेतात कापसाच्या पऱ्हाटीचं खुंट तिच्या पायात घुसलं होतं. साखरेचा आजार आधीपासूनचा. पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला होता आणि त्याचा वास अंगणापर्यंत येत होता. असल्या वासाची मला सवय आहे. शिसारी आली ती त्या टाळ्यांची.

समुद्रपूर-गिरड रस्त्यावरच्या या गावात मी बावीस वर्षं जनावरांची डॉक्टर आहे. माणसांवर उपचार करायचा मला अधिकार नाही, पण सडणारा पाय ओळखायला माणसांचं शिक्षण लागत नाही. मी किसनरावांना बाजूला घेतलं.

"किसनराव, आजच्या आज वर्ध्याला न्या. पाय जाईल, कदाचित जीवही जाईल."

"मॅडम, तुमी ढोरायच्या डॉक्टर," ते मान खाली घालून म्हणाले. "तुमाले यातलं नाई समजत."

"कुत्र्याचं तर समजतं ना? हा भुऱ्या रोज दुपारी दीड वाजता माझ्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतो. मी डबा उघडते तेव्हा त्याला अर्धी भाकरी घालते म्हणून. दोन वर्षं झाली, मी मेले का?"

यावर महाराजांचं उत्तर तयार होतं. "दुपारचा बसला तं थो कुत्रा रायते, बाई. सांजचा बसला का थो काळ होते."

लोकांनी माना डोलावल्या. मी रुग्णवाहिकेसाठी एकशेआठला फोन केला. गाडी आली, पण शकुबाई दारात आडवी झाली आणि रुख्मिणी आतूनच रडत म्हणाली, "मी नाई येत व माय, मले मराचं नाई." गाडी रिकामी परत गेली.

बुधवारी सकाळी त्यांची मुलगी आकांक्षा आली. ती वर्ध्यात कॉलेजला आहे, सिंदी मेघेला खोली करून राहते. आईचा पाय पाहून ती थेट माझ्याकडे धावली.

"मॅडम, बाबा ऐकून नाई राह्यले. आजी तं दारातून हलूनच नाई राह्यली. काय करू?"

"आधी मला सांग, कुत्रा येण्याआधी घरात काय काय केलं?"

आकांक्षानं आजीकडून सगळं काढून घेतलं. उतारा आमच्याकडे सगळेच काढतात. दहीभात आणि उकडलेलं अंडं आजाऱ्यावरून ओवाळायचं, तिन्हीसांजेला चौरस्त्यावर नेऊन ठेवायचं आणि मागं वळून न बघता घरी यायचं. महाराजांनी त्यात एक सुधारणा केली होती. उतारा चौरस्त्यावर नाही, आपल्याच उंबऱ्याबाहेर ठेवायचा. तीन दिवस, रोज सहा वीसला, घड्याळ लावून. चौथ्या दिवशी काहीच ठेवायचं नाही, नुसतं बघायचं, काळ येतो का.

मी कपाळाला हात लावला. तीन दिवस ज्या दारात अंडं मिळालं, त्या दारात चौथ्या दिवशी कुत्रा येणार नाही तर काय बैल येईल? आणि मागं वळून बघायचं नाही, त्यामुळे तो उतारा कोण खातो हे पाहिलं कोणीच नव्हतं.

गेल्या वर्षभरात महाराजांनी असे अकरा बंध घातले होते. माणूस जगला तर बंधानं जगला. मेला तर घरच्यांनी बंध मोडला. हरिदास मिस्त्री असाच गेला. त्याच्या विधवेला महाराज तेराव्याच्या पंगतीत म्हणाले होते, "तू रातच्याले खिडकी उघडली असशीन." ती बाई आजही ते खरं मानते.

"हे लोकांना सांगून उपयोग नाही," मी आकांक्षाला म्हणाले. "दाखवावं लागेल."

"पन आईपाशी टाइम कुठं हाये, मॅडम?"

तिचं खरं होतं. पण दाराला कुलूप नव्हतं, भीती होती, आणि ती फोडायला मला दुसरा रस्ता सुचत नव्हता.

महाराजांचा दरबार फक्त शनिवारी भरायचा. इतर संध्याकाळी ते घरोघर अंगारा वाटत फिरायचे, त्यामुळे त्यांच्या दरबाराची पायरी तेव्हा रिकामी असायची. बुधवारी भुऱ्या सवयीनं सहाच्या सुमारासच रुख्मिणीच्या दारात आला. मी अंडं दाखवत त्याला महाराजांच्या पायरीपर्यंत नेलं आणि सहा वीसला तिथं दहीभात ठेवला. गुरुवारी तो स्वतःच निम्म्या वाटेवर भेटला. शुक्रवारी मी पोचायच्या आधीच पायरीवर बसलेला. आकांक्षानं तिन्ही दिवस मोबाइलवर सगळं टिपलं. रोज घरी जाऊन ती आईचा पाय बघायची आणि मला फोनवर सांगायची, काळेपणा आता कुठपर्यंत चढला ते.

शनिवारी दरबार. सगळं गाव हजर. त्या दिवशी आम्ही पायरीवर काहीच ठेवलं नाही. महाराज खुर्चीत बसून काळाची थोरवी सांगत होते. सहा वीसला भुऱ्या गर्दीतून वाट काढत आला, पायरीसमोर बसला आणि महाराजांकडे टक लावून बघू लागला.

पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली.

"हाड! हाड!" महाराज ओरडले. भुऱ्या हलला नाही. महाराजांनी चप्पल भिरकावली. तो चार पावलं मागे सरला आणि पुन्हा येऊन बसला.

मी उभी राहिले. "काळाच्या दूताला चप्पल मारता, महाराज? सांजचा बसला म्हणजे काळ, हे तुमचंच म्हणणं. चला, आजपासून सात दिवस उंबरा ओलांडायचा नाही. सुई नाही, गोळी नाही."

"सात दिवस?" महाराजांच्या तोंडून निघून गेलं. "मले सोमवारी नागपूरले डॉक्टरचा नंबर लागला हाये! माह्यी शुगर..."

पुढचं त्यांनी गिळलं. पण गावानं ऐकलं होतं.

"म्हणजे तुमच्या साखरेला नागपूरचा डॉक्टर आणि रुख्मिणीच्या साखरेला कुत्रा?" मी विचारलं. आकांक्षानं मोबाइल पुढच्या रांगेत दिला. तो हातोहात फिरला. दहीभात, अंडं, घड्याळात सहा वीस, आणि शेपूट हलवत खाणारा भुऱ्या. मग मी पिशवीतून अंडं काढून त्याच्यासमोर ठेवलं. काळाच्या दूतानं ते दोन घासांत संपवलं आणि आणखी आहे का म्हणून माझ्या पिशवीत तोंड घातलं.

"कुत्र्याला वेळ कळते," मी म्हणाले. "पोटातली भूक, उतरणारं ऊन, गोठ्यात परतणारी गुरं, या सगळ्यांवरून त्याला कळतं की आता अमक्या दारात खायला मिळतं. तुमच्या गाईला धारेची वेळ कळत नाही का? तसंच हे. कोण कधी मरणार हे त्याला कळत नाही. या माणसालाही कळत नाही."

शकुबाई गर्दीतून पुढे आली. "मंग बाई... मी माह्या हातानं थो भात ठेवत होती. मीच बलावलं का त्याले?"

"हो, आजी. तुम्हीच त्याला जेवायला बोलावलं. तो बिचारा आला."

किसनराव तोवर घराकडे पळत सुटले होते. रुख्मिणीला गाडीत घातलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

ती वाचली. पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मंगळवारी आणली असती तर कदाचित दोन बोटांवर भागलं असतं, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या चार दिवसांतले तीन माझ्या प्रयोगाचे होते. मंगळवारीच पोलिसांना घेऊन त्या दारात का उभी राहिले नाही, हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसलेला आहे. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तक्रार मी नंतर केली. महाराज सोमवारी नागपूरला आपल्या नंबरावर वेळेत पोचले आणि तिकडूनच पसार झाले. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या जनावरावर त्यांचं दुकान पुन्हा लागलं असेल. त्यांना गिऱ्हाईक आपणच पुरवतो, याची मला त्यांच्यापेक्षा जास्त किळस येते.

महिन्याभरानं रुख्मिणीला भेटायला गेले. अंगणात खाटेवर बसली होती, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. ऊन उतरलं आणि भुऱ्या आला. शकुबाईनं गुपचूप त्याला चतकोर भाकर टाकली. कोणी हात जोडले नाहीत.

रुख्मिणी त्याच्याकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "मॅडम, या मुक्या जनावराले भाकरीची येळ समजते. आमाले दवाखान्याची येळ काऊन नाई समजली?"

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते: दारात कुत्रा येऊन बसला तर तो भुकेला आहे, त्याला भाकर टाका. आणि घरात कोणी आजारी असेल तर त्याच संध्याकाळी गाडी बोलवा.