चुलीजवळचा

“हे गाणं वरच्या मजल्यावर न्यायचं नाही हं, राजा. मोठ्या साहेबांच्या कानी गेलं, तर मला या घरातून जावं लागेल.”

लहानपणी ऐकलेला दाई मारेदचा तो आवाज आठवला, तसे सर तेगिद व्हॉन यांनी मांडीवरचे हातमोजे मुठीत आवळले. मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. वेल्श कवितांच्या वार्षिक मेळ्यात यंदाचा कवी आज ठरणार होता. मंडप त्यांच्या खर्चाचा, जिंकणाऱ्या कवीला बसवायची मंचावरची कोरीव खुर्ची त्यांच्याच रानातल्या ओकची. पण त्यांच्या घरी वर इंग्रजी आणि खाली स्वयंपाकघरात वेल्श, ही वाटणी पिढ्यान् पिढ्यांची. ते पार्लमेंटात निवडून गेले, तिथंही इंग्रजीच. साहेबांना ‘रामराम’पुरतीच आपली भाषा येते, अशी गावाची खात्री होती.

मागच्या बाकांवर खाणकामगार बसले होते.

“धनी दरवर्षी खुर्ची देतात बघ.”

“देतील की. बसायला भाषा लागते, बाबा.”

हशा पिकला. तेगिद न समजल्यासारखे समोर बघत राहिले.

परीक्षक पाद्री एल्डाद उठले. कविता टोपणनावानं यायच्या. नाव पुकारलं की कवीनं जागेवर उभं राहायचं, तोवर तो कोण हे परीक्षकांनाही ठाऊक नसे. पाद्री सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत. आज मात्र ते भरभरून बोलले. या कवितेला भाजत्या भाकरीचा वास आहे, म्हणाले, हा माणूस आईच्या कुशीत भाषा शिकलाय.

“चुलीजवळचा!”

तुतारी वाजली. माना वळल्या, पोरी बाकांवर चढल्या, जो तो शेजाऱ्याला ढोसू लागला. कुणीच उठेना.

दुसरी तुतारी. तेगिदांना वाटलं, उठावं, तर लोक म्हणतील, खुर्ची स्वतःच दिली आणि स्वतःच घेतली. उठू नये, तर खुर्ची रिकामी, आणि गाणं पुन्हा खालीच. तिसऱ्या रांगेत म्हातारी मारेद कानामागे हात धरून, तोंड उघडं टाकून ऐकत होती.

तिसरी तुतारी विरली. यानंतर आश्रयदात्यानं उठून खुर्ची रिकामी राहिल्याचं जाहीर करायचं, अशी रीत होती.

तेगिद उठले.

मंडपभर एकच सुस्कारा गेला. पुरुषांनी टोप्या चढवल्या, कुणी पोरींना खाली उतरवलं. आता इंग्रजीतलं ते एक वाक्य ऐकायचं आणि घरची वाट धरायची.

पण साहेब मंचाकडे वळलेच नाहीत. ते तिसऱ्या रांगेपाशी गेले, मारेदसमोर गुडघ्यावर बसले आणि तिच्याच स्वयंपाकघरातल्या बोलीत, मागच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले,

“मारेद, गाणं वर नेलं मी.”